परसांतील हौद आणि हिंवाळा

उत्तर अमेरिकेच्या थंड प्रदेशांत एप्रिल उजाडला म्हणजे असंख्य घरांच्या परसांत एकच देखावा दृष्टीस पडतो. चार-पांच महिने बर्फाखालीं दबलेला पोहण्याचा हौद उघडा पडूं लागतो, आणि त्याची दशा पाहून घरमालकाचें मन खट्टू होतें. आच्छादन मधोमध खोल गेलेलें असतें. त्यावर कुजलेल्या पानांचें काळें पाणी सांचलेलें असतें. कठड्याची एखादी पट्टी वांकलेली, एखादा खांब तिरपा झालेला आणि कोठें तरी अस्तर भिंतीपासून सुटून लोंबत असलेलें दिसतें. अशा वेळीं पहिला विचार मनांत येतो तो हा, कीं सगळें घाण पाणी एकदांचें सोडून द्यावें, हौद कोरडा करावा आणि मग निवांतपणें नुकसान पाहावें. हा विचार स्वाभाविक आहे. परंतु हिंवाळ्यानें जें नुकसान केलेलें नसतें, तें पुष्कळदां या एका विचारानें होतें. तसें कां व्हावें, हें समजण्यासाठीं असा हौद मुळांत कशाच्या बळावर उभा राहतो, येथून आरंभ केला पाहिजे.

हौद म्हटला म्हणजे महाराष्ट्रांतील वाचकांच्या डोळ्यांपुढें दगडी बांधणीचा, जमिनींत उतरलेला हौद येतो. पेशवाईंत कात्रजच्या तलावांतून ज्यांना पाणी मिळे, ते पुण्यांतील हौद या जातीचे. पाणी असो वा नसो, त्यांच्या भिंती स्वतःच्या भक्कमपणानें आणि भोंवतालच्या मातीच्या आधारानें उभ्या राहतात. कॅनडांतील क्वेबेक व ऑन्टॅरिओ या प्रांतांत, किंवा अमेरिकेच्या न्यूयॉर्क, न्यू जर्सी इत्यादि राज्यांत घरामागें दिसणारा हौद अगदीं निराळा असतो. तो जमिनींत खणलेला नसून जमिनीवर उभारलेला असतो. पक्क्या तलावाच्या मानानें तो पुष्कळच स्वस्त पडतो, म्हणून मध्यम स्थितींतील कुटुंबांनाहि परवडतो. आणि त्या भागांत स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांना जुनें घर विकत घेतांना कधीं कधीं तो आयताच पदरीं पडतो. हौदाची ओळख होण्यापूर्वींच त्याची जबाबदारी अंगावर येते.

त्याची रचना सोपी आहे. सपाट केलेल्या जमिनीवर बारीक वाळूचा थर पसरतात. त्याभोंवतीं गोलाकार तळपट्टी ठेवून तिच्या खांचेंत पन्हळी पत्र्याची भिंत उभी करतात. पत्र्याचीं दोन टोकें एकत्र आणून एका उभ्या रांगेंत पुष्कळशा बोल्टांनीं जोडतात. बाहेरून ठराविक अंतरावर खांब आणि माथ्यावर कठडा बसवितात. आंतून व्हिनाइलचें अस्तर सोडतात. पाणी गळूं न देण्याचें काम या अस्तराचें, आणि त्याला आकारांत धरून ठेवण्याचें काम पत्र्याचें. अस्तराची जाडी साधारणतः अर्ध्या ते पाऊण मिलीमीटरच्या घरांत असते. भिंतीच्या वरच्या भागांत दोन भोकें असतात. मोठ्या भोकाला 'स्किमर' नांवाची प्लॅस्टिकची पेटी जोडलेली असते. ती पृष्ठभागावरील कचऱ्यासह पाणी ओढून घेऊन पंपाकडे पाठविते. फिल्टरमधून गाळून आलेलें पाणी लहान भोकांतून हौदांत परत येतें.

आतां या पातळ भिंतीवर भार किती असतो तें पाहावें. २४ फूट व्यासाचा आणि ४ फूट पाणी असलेला हौद घेतला, तर त्यांत सुमारें ५१,००० लिटर पाणी मावतें, म्हणजे त्याचें वजन जवळजवळ ५१ टन भरतें. हें पाणी भिंतीला सर्व बाजूंनीं सारख्या जोरानें बाहेर ढकलतें, आणि पिंपाभोंवतींच्या लोखंडी कड्याप्रमाणें पत्रा ताणला जातो. भिंतीच्या अगदीं तळच्या एक फूट उंचीच्या पट्ट्यावर हा ताण जवळजवळ १,२०० किलोग्रॅम वजनाइतका असतो. ताण सोसण्यांत धातु पटाईत असते, म्हणून पत्रा पातळ असूनहि टिकतो. परंतु तोच पत्रा बाहेरून आंत ढकलला, किंवा माथ्यावरून दाबला, तर सहज दुमडतो. पाण्यानें भरलेली पखाल टणक लागते आणि रिकामी झाली कीं तिला आकारच उरत नाहीं. या हौदाचेंहि तसेंच आहे. भरलेला असतो तोंवर तो पाण्याच्या जोरावर ताठ उभा असतो. रिकामा झाला कीं वाऱ्याच्या जोरदार झोतानेंहि त्याची भिंत आंत कोसळूं शकते.

हिंवाळा या व्यवस्थेवर आघात करतो, तो पाण्याच्या एका विलक्षण गुणामुळें. बहुतेक पदार्थ थंड होतांना आकुंचन पावतात. पाणीहि ४ अंश सेंटिग्रेडपर्यंत तसेंच वागतें. त्याखालीं मात्र तें उलट प्रसरण पावूं लागतें, आणि शून्य अंशावर गोठतांना त्याचें आकारमान एकदम सुमारें ९ टक्क्यांनीं वाढतें. म्हणूनच बर्फ पाण्यावर तरंगतो, आणि म्हणूनच हौदाचें पाणी वरून खालीं गोठत जातें. मॉन्ट्रियल शहरांत जानेवारीचें सरासरी तापमान शून्याखालीं नऊ-दहा अंश असतें, आणि सबंध हिंवाळ्यांत मिळून दोन मीटरच्या आसपास बर्फ पडतो. अशा हवेंत हौदावर वीतभर किंवा त्याहूनहि जाड थर जमला तर नवल नाहीं.

फ्रीजच्या बर्फाच्या कप्प्यांत विसरलेली कांचेची भरलेली बाटली तडकते, हा अनुभव भारतांतील घरांतहि नवा नाहीं. बाटली तडकते ती केवळ थंडीनें नव्हे. वाढणाऱ्या बर्फाला आंत जागा नसते म्हणून. हौदाचा पृष्ठभाग मोकळा असतो. तेथें वाढणाऱ्या बर्फाला वर सरकण्यास जागा मिळते, आणि त्यामुळें नुसत्या गोठण्यानें सहसा भिंत फुटत नाहीं. फुटतात त्या बाटलीसारख्या बंदिस्त वस्तु: पंपाचें पोट, फिल्टरची झडप, नळीचें वळण आणि स्किमरची पेटी. त्यांत ओंजळभर पाणी राहिलें तरी तडा जाण्यास तें पुरतें. हिंवाळ्यापूर्वीं हे भाग काळजीपूर्वक रिते करावे लागतात, त्याचें कारण हेंच.

हौदावर पसरलेला बर्फाचा थर मात्र अगदींच निरुपद्रवी नसतो. एकदां तयार झालेला बर्फ इतर घन पदार्थांप्रमाणें कडाक्याच्या थंडींत आखडतो आणि थंडी कमी झाली कीं पसरतो. २४ फूट रुंदीचा अखंड थर शून्याखालीं २० अंशांपासून शून्यापर्यंत तापला, तर त्याची रुंदी सुमारें ७ मिलीमीटरनें वाढते. थंड रात्रीं थराला भेगा पडतात, त्यांत खालचें पाणी शिरून गोठतें, आणि पुढच्या उबदार दिवशीं हा सांधलेला थर पूर्वींपेक्षां अधिक जागा मागूं लागतो. याच कारणासाठीं आच्छादनाखालीं मधोमध हवेनें फुगविलेली मोठी उशी ठेवण्याची पद्धत आहे. बर्फाचा कांहीं रेटा भिंतीऐवजीं त्या उशीवर जातो. हौदांत शिडी तशीच राहिली, तर बर्फ तिला घट्ट पकडतो आणि स्वतः हलतांना तिलाहि हलवितो. शिडीचे पाय अस्तराला घासून भोक पाडूं शकतात.

सर्वांत मोठें नुकसान होतें तें मात्र बर्फाच्या या रेट्यानें नव्हे, तर खालचा आधार नाहींसा झाल्यानें. वर सांगितलेल्या हौदाच्या आच्छादनावर नुसतें एक इंच पाणी सांचलें, तर त्याचें वजन एक टनाहून अधिक होतें. नुकताच पडलेला भुसभुशीत बर्फ सुमारें दहा इंच सांचला, कीं साधारणतः इतकाच भार होतो. हा भार कठड्यानें पेलावा, अशी त्याची घडणच नसते. तो पेलतें हौदांतील पाणी. आच्छादन त्यावर टेकून राहतें. परंतु शरद ऋतूंत अस्तराला सुईएवढें छिद्र पडलेलें असेल आणि तें कोणाच्या ध्यानांत आलें नसेल, तर हिंवाळाभर पाणी थेंब थेंब उतरत राहतें. बर्फाचा थर आणि त्यावरील सर्व ओझें मग अधांतरीं लोंबूं लागतें. आच्छादनाची तार कठड्याला आंत ओढते, पट्ट्या वांकतात, खांब कलतात. आणि एखाद्या दिवशीं तो थर खालीं कोसळतांना अस्तर फाडून नेतो, क्वचित् भिंतहि आंत खेंचून घेतो. वसंतांत हें दृश्य पाहणाऱ्याला वाटतें, कीं हौद बर्फाच्या वजनानें मोडला. वस्तुतः बर्फाखालचें पाणी निघून गेलें, म्हणून तो मोडलेला असतो.

जमिनीकडूनहि एक निराळा उपद्रव होतो. बारीक, ओल धरणाऱ्या मातींत गोठण्याची क्रिया चालू असतां खालची ओल वर खेंचली जाते आणि मातींत बर्फाचे पापुद्रे तयार होतात. त्यामुळें जमीन जागोजाग फुगते. एखादा खांब वर उचलला जातो, शेजारचा तसाच राहतो. बर्फ वितळल्यावर जमीन पुन्हां बसते, पण सगळीकडे सारखी बसत नाहीं.

नुकसानीचीं हीं कारणें ध्यानांत आलीं, कीं वसंतांत काय करावें आणि काय करूं नये, हें बरेंचसें आपोआप ठरतें. पहिली गोष्ट धीर धरण्याची. थंडीनें व्हिनाइल कडक व ठिसूळ झालेलें असतें, आणि तरंगणाऱ्या बर्फाच्या तुकड्यांना धारदार कडा असतात. पहारीनें किंवा फावड्यानें बर्फ फोडूं गेल्यास तेच तुकडे अस्तरावर आपटतात. सर्व बर्फ आपोआप वितळेपर्यंत थांबावें, हें उत्तम.

त्यानंतर आच्छादनावरील पाणी लहान पंपानें उपसावें. येथें एक फसगत होण्यासारखी आहे. आच्छादनाला भोक असेल, तर वरचें पाणी उपसलें जात असतांनाच खालचें पाणी भोकांतून वर येत राहतें, आणि घरमालकाच्या नकळत पंप सबंध हौदच उपसूं लागतो. म्हणून पंप चालू असतां हौदाच्या पातळीवर नजर ठेवावी. ती खालीं जाऊं लागली, तर पंप बंद करून उरलेला गाळ बादलीनें काढावा. घरांत लहान मुलें असल्यास हें काम लांबणीवर टाकूं नये. हिंवाळ्याचें साधें आच्छादन माणसाचा भार सोसण्यासाठीं केलेलें नसतें, आणि त्यावर सांचलेलें थोडेंसें पाणीहि लहान मुलाला बुडण्यास पुरेसें असतें. क्वेबेक प्रांताच्या २०१० सालच्या नियमांप्रमाणें भिंत सर्वत्र किमान १.२ मीटर उंच असेल, तर हौदाभोंवतीं वेगळें कुंपण लागत नाहीं. मात्र शिडीला आपोआप मिटून बंद होणारें फाटक असावें लागतें, आणि पंपासारखीं यंत्रें भिंतीपासून एक मीटरहून दूर ठेवावीं लागतात, म्हणजे त्यांवर चढून मुलाला आंत जातां येऊं नये. हिंवाळ्यांत बसलेली भिंत, तिला टेकलेला बर्फाचा ढीग किंवा तशीच राहिलेली शिडी यांमुळें ही सारी व्यवस्था व्यर्थ होते.

आच्छादन निघालें, कीं पाणी हौदांतच ठेवून बाहेरून फेरी मारावी. हौद समपातळींत आहे कीं नाहीं, हें पाहण्यास कोणतेंहि उपकरण लागत नाहीं. स्थिर पाण्याचा पृष्ठभाग हीच सर्वांत बिनचूक पातळी. पृष्ठभागापासून भिंतीच्या माथ्यापर्यंतचें अंतर सर्व खांबांपाशीं मोजावें. सर्वांत जास्त आणि सर्वांत कमी मापांत एक इंचाहून अधिक फरक आढळला, तर हौद कलला आहे असें समजावें. कललेल्या हौदाच्या खोल बाजूवर अधिक भार येतो, आणि वर्षानुवर्ष तो वाढत जातो. भिंतीच्या पायथ्याशीं कोठें माती ओली आहे काय, वाळू वाहून आलेली आहे काय, खांबांचे पाय तळपट्टींतून सुटले आहेत काय, हेंहि याच फेरींत पाहावें.

यानंतरची तपासणी गंजाची. सबंध हौदाचा निकाल येथेंच लागतो, म्हणून ती घाईनें उरकूं नये. पत्र्यावर नुसता तांबूस डाग असेल, तर तारेच्या ब्रशानें घासून गंजरोधक रंग द्यावा. डाग असलेल्या जागीं पेंचकसाचें टोंक हलकेंच दाबून पाहावें. पत्रा टणक लागला, तर गंज वरवरचा आहे; पापुद्रे सुटले किंवा टोंक आंत रुतूं लागलें, तर पत्रा आंतून खाल्लेला आहे. अशा ठिकाणीं दाब वाढवूं नये, कारण पलीकडे अस्तर असतें. गंज कोठें आहे, यालाहि फार महत्त्व आहे. पाण्याचा दाब खोलीच्या प्रमाणांत वाढतो. पृष्ठभागाखालीं एक फुटावर जो दाब असतो, त्याच्या चौपट चार फुटांवर असतो. स्किमरच्या भोकाभोंवतीं गळतीमुळें गंज चढतो, परंतु तेथें ताण कमी असल्यामुळें जागा साफ करून, पत्र्याचें ठिगळ लावून बहुधा निभावतां येतें. त्याच आकाराचें भोक तळपट्टीजवळ असेल, किंवा पत्र्याचीं दोन टोकें जोडणारी बोल्टांची उभी रांगच गंजलेली असेल, तर तो हौद पुन्हां भरूं नये. अशा ठिकाणीं पत्रा एकदां फाटला, कीं चीर क्षणार्धांत वरपर्यंत जाते, आणि ५१ टन पाणी एका बाजूनें बाहेर पडतें. त्या वेळीं हौदांत किंवा हौदाजवळ माणूस असला, तर त्याच्या जिवावर बेतूं शकतें. भिंत बदलावयाची म्हणजे जवळजवळ सगळा हौदच नवा करण्यासारखें असतें. म्हणून गंज खोल गेलेला असल्यास डागडुजीवर पैसा न घालतां पाणी हळूहळू, घराच्या पायापासून दूर जाईल अशा रीतीनें सोडून हौद मोडावा, हेंच शहाणपणाचें.

भिंत सुस्थितींत असेल, तर उरलेली दुरुस्ती बहुतेक घरच्या घरीं होण्यासारखी असते. प्रथम गळती आहे कीं नाहीं, तें ठरवावें. उघड्या पाण्याची वाफ होऊन पातळी रोज थोडी उतरतेच. ती गळती नव्हे. दोहोंतील फरक कळण्यासाठीं एक साधी युक्ति आहे. शिडीच्या पायरीवर एक बादली अशी ठेवावी, कीं तिचा बराच भाग हौदाच्या पाण्यांत बुडेल. तिच्यांत हौदाचेंच पाणी बाहेरच्या पातळीइतकें भरावें, आणि आंतल्या व बाहेरच्या दोन्ही पातळ्यांवर खूण करावी. एक अहोरात्र लोटल्यावर दोन्ही पातळ्या सारख्याच उतरल्या असतील, तर ती केवळ वाफ. बाहेरची पातळी अधिक उतरली असेल, तर हौद गळतो आहे. पाणी उतरत जाऊन कोठें थांबतें, यावरूनहि गळतीची जागा कळते. स्किमरच्या कडेपाशीं थांबलें, तर स्किमर किंवा त्याची रबरी चकती दोषी. परतीच्या नळाच्या पातळीला थांबलें, तर तेथील सांधा. त्याच्याहि खालीं जात राहिलें, तर अस्तराला छिद्र असावें. अशा वेळीं स्थिर पाण्यांत संशयित जागेजवळ रंगीत द्रवाचे दोन थेंब सोडले, तर रंगाची रेघ छिद्राकडे ओढली जाते.

स्किमरची पेटी तडकलेली असल्यास ती चिकटविण्याच्या भानगडींत न पडतां नवीच बसवावी, आणि चकत्याहि नव्या घालाव्यात. हें काम करण्यास सबंध हौद रिता करावा लागत नाहीं. स्किमरच्या भोकाखालीं कांहीं इंचांपर्यंत पातळी उतरविली, कीं पुरतें. अस्तरावरील लहान चिरेला व्हिनाइलचेंच ठिगळ लावतात. पाण्याखालीं चिकटणारा खास डिंक मिळतो, त्यामुळें तळाच्या चिरेसाठींहि पाणी काढावें लागत नाहीं. ठिगळ चिरेच्या सर्व बाजूंनीं सुमारें दोन इंच मोठें असावें, आणि त्याचे कोंपरे गोल कापावेत. टोंकदार कोंपरा लवकर उचलला जातो.

अस्तराची कड माथ्यावरील खांचेंतून निसटली असेल, तर त्यावरहि इलाज आहे. पाणी थोडें उतरवून, ऊन पडलेलें असतां, निसटलेल्या भागावर गरम पाणी ओतावें. व्हिनाइल मऊ झालें, कीं तें हळूहळू ओढून खांचेंत पुन्हां बसवितां येतें. परंतु जुन्या अस्तराचा लवचिकपणा गेलेला असतो, आणि पाण्याचा ताण निघाल्यावर तें आखडतें. संपूर्ण रिकाम्या केलेल्या हौदांत जुनें अस्तर इतकें आखडूं शकतें, कीं पुन्हां पाणी भरतांना तें कोपऱ्यांत बसत नाहीं आणि सांध्यांवर फाटतें. पाणी न सोडण्याचें हें दुसरें कारण. अस्तर बदलावयाचें पक्कें ठरलें, तरच हौद रिता करावा. आणि तोहि नवें अस्तर घरांत येऊन पडल्यावर, उबदार व निर्वात दिवस पाहून. त्या वेळीं भिंतीची आंतली बाजू प्रथमच उघडी दिसते. ती संधि साधून गंज तपासावा, वाळूंतील खळगे व खडे काढावेत, आणि शक्य तितक्या लवकर पाणी भरण्यास आरंभ करावा.

वांकलेल्या पट्ट्या व खांब एकेक करून बदलतां येतात. किंचित् वांकलेली पट्टी सरळ करून चालते. पण जिच्या घडीवर तडा दिसतो, ती काढून टाकावी, कारण कठडा हा केवळ शोभेचा नसून भिंतीच्या माथ्याला गोल आकारांत धरून ठेवतो. पंपाचें पोट तडकलेलें असल्यास तेवढा भाग नवा मिळतो. फिल्टरच्या टाकीला मात्र ठिगळ लावूं नये. पंप चालू असतां ती टाकी दाबाखालीं असते, आणि दुबळी टाकी किंवा तिचें झांकण जोरानें उडून इजा होऊं शकते. विजेच्या तारा व बटणें यांची तपासणी जाणकार कारागिराकडून करून घेतल्याविना पंप चालू करूं नये. पाणी आणि वीज यांच्या संगतींत काटकसर परवडत नाहीं.

एवढें झाल्यावर पाण्याकडे वळावें. तें कितीहि हिरवें किंवा काळपट दिसलें, तरी बहुधा सुधारतें. प्रथम जाळीनें पानें काढावींत, कारण तीं आंत असतां क्लोरीनचा बराच भाग त्यांच्यावरच खर्च होतो. मग पातळी पूर्ववत् करून पंप अखंड चालूं द्यावा, आणि तपासणीच्या पट्टीनें पाण्याचा पीएच ७.२ ते ७.८ यांच्या दरम्यान आणावा. त्यानंतर क्लोरीनची मोठी मात्रा देऊन शेवाळ मारावें, तळ घासावा आणि फिल्टर वरचेवर धुवावा. पोहण्यास उतरण्यापूर्वीं पाणी इतकें नितळ झालेलें असावें, कीं तळ स्पष्ट दिसावा. क्लोरीनच्या चूर्णाचे दाणे अस्तरावर पडून राहिले, तर रंग उडतो; म्हणून चूर्ण बादलीभर पाण्यांत आधीं विरघळवावें. चूर्ण पाण्यांत टाकावें, चूर्णावर पाणी ओतूं नये. क्लोरीनचीं निरनिराळीं औषधें एकमेकांत कदापि मिसळूं नयेत. ट्रायक्लोरच्या वड्या आणि कॅल्शियम हायपोक्लोराइटचें चूर्ण हीं दोन्ही हौदासाठींच विकलीं जातात. परंतु तीं एकत्र आल्यास आग लागूं शकते, स्फोटहि होऊं शकतो. दोहोंना एकच माप वापरणें हेंसुद्धां धोक्याचें आहे.

पुढील हिंवाळ्याची तयारी याच ज्ञानावर आधारलेली असते. शरदांत हौद झांकण्यापूर्वीं बादलीची परीक्षा पुन्हां करून गळती आढळल्यास बुजवावी. सर्व उपायांत हा उपाय सर्वांत स्वस्त आणि सर्वांत गुणकारी आहे. स्किमरचें तोंड झांकणानें बंद करावें, किंवा पातळी त्याच्या थोडी खालीं आणावी. त्याहून खालीं नेऊं नये. पंप, फिल्टर व नळ्या रित्या करून त्यांचीं बुचें काढून ठेवावींत. शिडी बाहेर काढावी, उशी बांधावी, आच्छादनाची तार घट्ट करावी. आणि हिंवाळा संपेपर्यंत हौदाकडे पाठ न फिरवितां, महिन्यांतून एक-दोन वेळां तरी आच्छादन भलतेंच खोल गेलें नाहीं ना, हें पाहावें. तें खोल गेलेलें दिसलें, तर पाणी उतरत आहे असें समजून वरचा भार शक्य तितका हलका करावा. बर्फ सारण्यास लोखंडी फावडें न वापरतां मऊ झाडू वापरावा.

बर्फाचें वजन, वाकलेल्या पट्ट्या आणि घाणेरडें पाणी हीं डोळ्यांना चटकन दिसतात. सुईएवढें छिद्र आणि तळपट्टीजवळचा गंज हे मुद्दाम शोधावे लागतात. वसंतांतील पहिल्या शनिवारीं जो घरमालक पाणी सोडण्याची घाई न करतां आधीं हौदाभोंवतीं एक सावकाश फेरी मारतो, त्याला बहुतेक वेळां एखादी चकती, एखादें ठिगळ आणि एक-दोन पट्ट्या एवढ्यावरच काम भागवितां येतें; आणि भिंतच गेलेली असेल, तर तेंहि त्याला मुलें पाण्यांत उतरण्यापूर्वीं कळतें.